समजा, मुलीचं वय क्ष

मी एका कार्यालयाच्या लेखा विभागात नोकरी करतो. ही माहिती आधीच देऊन टाकतो, कारण पुढे ती कोणाकडून तरी कळणारच आणि तेव्हा वाचकाला माझ्यापेक्षा त्या कार्यालयाची काळजी वाटेल. लेखा विभाग म्हटलं की लोक समजतात, या गृहस्थाच्या डोक्यात आकडे गच्च भरलेले असणार. प्रत्यक्षात आमच्याकडे आकडे संगणकात असतात. ते कोणत्या रकान्यात जायचे एवढंच आम्ही सांगतो आणि बेरीज जुळली नाही की एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. अपूर्णांक तर तिकडे फिरकतही नाहीत. सगळा कारभार दशांशात, तोही दोन घरांपर्यंत. तिसरं घर दिसलं की ते पूर्णांकित करून मोकळं व्हायचं.

पण बाहेर पत होती आणि घरातही थोडीफार होती. धाकटी सातवीत गेली आणि गणिताच्या क्लासची चौकशी सुरू झाली, तेव्हा बायको म्हणाली, "घरात अकाउंट्सचा माणूस असताना क्लासला कशाला पैसे घालायचे?" हे ती सासूबाईंच्या देखत म्हणाली. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात आणि जावयाबद्दल त्यांच्यासमोर कोणी बरं बोलण्याचे प्रसंग फार येत नाहीत. मी संधी साधली. "गणित माझ्याकडे लागलं," असं मी जाहीर केलं. सासूबाई शिवणयंत्रात दोरा ओवत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

आता माझ्या स्वतःच्या गणिताविषयी. आमच्या वेळी दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे पेपर असायचे. भूमितीत प्रमेयं पाठ करून माणूस तरून जायचा. बीजगणित पाठ करता येत नाही, हे मला पेपर हातात पडल्यावर समजलं. दोन्हींचे गुण एकत्र धरत म्हणून सुटलो. शाळेतलं एकच गणिती ज्ञान माझ्याकडे अजून शाबूत आहे, ते म्हणजे 'कंचेभागुबेव'. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. ऐकायला हे तळकोकणातलं, एसटी दिवसातून एकदाच जाणारं गाव वाटतं. पण पदावली सोडवायची झाली की सगळ्यांना याच गावावरून जावं लागतं. एवढ्या शिदोरीवर गणितावर मतं मात्र मी भरपूर दिली आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही म्हणायला सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रात रातोरात जे गणितज्ज्ञ उगवले त्यांत मीही होतो. कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये मी या विषयावर चहा गार होईपर्यंत बोललो होतो. कोणाच्या बाजूने बोललो ते आता आठवत नाही.

पहिल्या संध्याकाळी धाकटीने वही उघडली. पहिलंच उदाहरण, १/२ + १/३.

"सोपं आहे," मी म्हटलं. "वर एक आणि एक दोन. खाली दोन आणि तीन पाच. दोन पंचमांश. पुढचं घे."

तिने पुढचं घेतलं नाही. "बाबा, दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा कमी ना?"

"असेल."

"मग अर्ध्यात अजून थोडं मिळवलं आणि सगळं मिळून अर्ध्यापेक्षा कमी झालं?"

आमच्या कार्यालयात असं झालं तर त्याला समायोजन म्हणतात आणि खाली सही करतात. पण सातवीतल्या मुलीला प्रशासन कसं कळावं? तिनेच मग लसावि काढला, छेद सहा केले, तीन सहांश आणि दोन सहांश मिळून पाच सहांश असं उत्तर लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शाब्बास. मी बघत होतो तुझं लक्ष आहे का."

दुसऱ्या दिवशी नशिबाने साथ दिली, आणि पुढचं सगळं त्या साथीमुळेच घडलं. '१६/६४ ला संक्षिप्त रूप द्या' असा प्रश्न होता. ती पाणी प्यायला आत गेली होती. मी बघितलं तर वर सहा, खालीही सहा. दोन्ही सहा खोडले. वर एक उरला, खाली चार उरले. एक चतुर्थांश. ती आली, तिने दोनाने भागत भागत पायऱ्या केल्या. आठ बत्तिसांश, चार सोळांश, दोन अष्टमांश, एक चतुर्थांश. मी आधीच लिहून ठेवलेलं उत्तर तिला दाखवलं. तिच्या डोळ्यांत त्या क्षणी जे दिसलं, ते तिच्या आईच्या डोळ्यांत मी लग्नानंतरही फारसं बघितलेलं नाही.

"इतक्या लवकर कसं केलंस?"

"सवयीने," मी म्हटलं.

याच सवयीने मी पुढे १३/३५ मधले दोन्ही तीन उडवले आणि एक पंचमांश काढून दाखवला. तिने सांगितलं की तेरा आणि पस्तीस यांना एकाशिवाय कशानेच भाग जात नाही, तो अपूर्णांक आहे तोच संक्षिप्त आहे आणि तो पाचव्या भागाच्या जवळपासही नाही, तिसऱ्या भागाहून मोठा आहे. नंतर एका पुस्तकात वाचलं ते असं. दोन अंकी अंश आणि दोन अंकी छेद असलेल्या, एकाहून लहान अपूर्णांकांत हा खोडाखोडीचा चमत्कार फक्त चार ठिकाणी होतो. १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. शून्याला शून्य उडवतात ते वेगळं, ते कायदेशीर आहे. सबंध अपूर्णांकसृष्टीतल्या या चार जागांपैकी एका जागेवर माझा पाय पहिल्या झटक्यात पडला. आमच्याकडे बढत्या याच पद्धतीने होतात.

मग भागाकार आला. ६ ÷ ३/४.

"उलटं करायचं आणि गुणायचं," मी म्हटलं. हे मला खरोखर येत होतं. सहा गुणिले चार तृतीयांश, चोवीस तृतीयांश, आठ.

"का?"

"काय का?"

"उलटं का करायचं? आणि भागल्यावर सहाचे आठ कसे झाले? भागलं की कमी व्हायला पाहिजे ना?"

आमच्या कार्यालयात कोणी 'का' विचारलं की त्याला शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक सांगतात. तो सांगितला की पुढचा 'का' येत नाही. अपूर्णांकांच्या भागाकाराबाबत असा शासन निर्णय निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी फोन आल्यासारखं करून गॅलरीत गेलो आणि बराच वेळ 'हो, हो' म्हणत उभा राहिलो. आत आलो तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, तुझा फोन इथे चार्जिंगला आहे."

रविवारी मेहुणा जेवायला आला. त्याच्या कानावर हा प्रकार गेला होता. "भाऊजी, तुम्ही पुस्तकातून शिकवता, तिथेच चुकतं," तो म्हणाला. "अपूर्णांक व्यवहारातून शिकवायचे." त्याने भाचीला जवळ बसवलं. "हे बघ. अख्खी बाटली म्हणजे फुल. तिची अर्धी म्हणजे हाफ. तिच्या चार भागांतला एक म्हणजे क्वार्टर, म्हणजेच पाव. कळलं?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मेहुणा सावरून म्हणाला, "सरबताची बाटली गं."

"फुल किती असते?"

"साडेसातशे एमएल."

"हाफ?"

"तीनशे पंच्याहत्तर."

"आणि क्वार्टर?"

"एकशे ऐंशी." हे त्याने न विचार करता सांगितलं. वर्षानुवर्षांची तयारी होती.

धाकटीने वहीत आकडे मांडले. "मामा, दोन क्वार्टर म्हणजे तीनशे साठ. हाफ तर तीनशे पंच्याहत्तरची आहे."

मेहुणा गप्प झाला.

"चार क्वार्टर म्हणजे सातशे वीस. तीस एमएल कुठे गेले? आणि हा पाव नाहीच आहे. एकशे ऐंशी छेद साडेसातशे, तिसाने भाग दे." तिने दिला. "सहा पंचविसांश. पुढच्या वेळी तू सहा पंचविसांश माग."

मेहुण्याने त्या दिवशी पुरणपोळी नीट खाल्ली नाही. मधेच मोबाइल काढून काहीतरी गुणाकार करायचा आणि कपाळाला हात लावायचा. त्याची फसवणूक किती वर्षांची होती ते मला विचारवलं नाही. त्याच्या बहिणीला मात्र ते हवं होतं, आणि जेवणानंतर तिने ते विचारलं.

'उलटं का?' हा प्रश्न त्यामुळे आहे तिथेच राहिला. तो सुटला दोन-चार दिवसांनी, आणि सुटला तो शिवणयंत्राजवळ. सासूबाईंनी उशांच्या अभ्र्यांसाठी सहा मीटर कापड आणवलं होतं. एका अभ्र्याला पाऊण मीटर लागतं. किती अभ्रे होतील असं त्यांनी मला आधी विचारलं होतं. मी मोबाइलवर शून्य पूर्णांक पंच्याहत्तर असं घालून भागाकार केला होता आणि "साधारण आठ" असं उत्तर दिलं होतं. 'साधारण' हा शब्द आमच्या विभागात चुकलं तर सुटका व्हावी म्हणून लावतात. सासूबाई तेव्हा नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी धाकटी त्यांच्याजवळ वही घेऊन बसली होती. "आजी, तुला अपूर्णांकांचा भागाकार येतो?"

"भागाकार बिगाकार नाही गं. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी होती. मग सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकी पण होती."

"औट म्हणजे?"

"साडेतीन."

मग त्यांनी, एका हाताने यंत्राचं चाक थांबवून, पाऊणकी म्हणून दाखवली. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. एकेक आकड्याला एकेक बोट मिटत होतं. सहाला थांबल्या तेव्हा आठ बोटं मिटलेली होती. "हे बघ, आठ अभ्रे. साधारण नाही, बरोब्बर आठ."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

सासूबाईंच्या पिढीतल्या बायका या गोष्टी कुठे शिकल्या, असं मला नेहमी वाटायचं. आता त्यांनीच सांगितलं. त्यांच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शेराचे चार पावशेर, आणि पावशेराचं अर्धं ते नवटाक. (मेहुणा असता तर हा शब्द ऐकून त्याने मान हलवली असती.) पाव आणि पाऊण तोंडात बसल्याशिवाय बाजारातून जिरंसुद्धा घरी यायचं नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि पावक्या-दिडक्या शाळेतून हळूहळू गेल्या. पंचवीस पैशाच्या नाण्याला लोक तरी शेवटपर्यंत चार आणेच म्हणत राहिले. २०११ साली तेही चलनातून गेलं.

पण धाकटीचं 'का' अजून संपलेलं नव्हतं. "पाठ म्हटलंस गं आजी. पण उलटं का करतात?"

सासूबाईंनी कापडाचा गठ्ठा उलगडून पलंगावर पसरला. मोजपट्टी लावली. शिंप्याचा चपटा खडू घेऊन एका मीटरपाशी रेघ मारली, मग त्या मीटरची आधी अर्धी, मग पाव घडी घालून बोटाने दाबली. घडी उलगडल्यावर कापडावर तीन वळ्या दिसत होत्या आणि चार भाग.

"एका मीटरचे पाव किती?"

"चार."

"सहा मीटरचे?"

"सहा चोक चोवीस."

"एका अभ्र्याला पाऊण मीटर लागतं. म्हणजे किती पाव?"

"तीन."

"मग चोवीस पावांचे तीन-तीनचे गठ्ठे कर."

धाकटी कापडाकडे बघत राहिली. मग तिने वही ओढली, ६ × ४ ÷ ३ असं लिहिलं, आणि एकदम ओरडली, "बाबा! चाराने गुणलं, तिनाने भागलं! ते उलटं होतं ते हेच आहे! तुकडे लहान म्हणून आकडा मोठा झाला!"

"तेच सांगत होतो ना मी," मी वर्तमानपत्राआडून म्हटलं.

सासूबाईंनी कात्री हातात घेतली. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तो पलंगावरचा पाय जरा उचलता का? एक पाव त्याच्याखाली आहे."

इथे मी थांबायला हवं होतं. विचारी माणूस थांबला असता. पण पुस्तकात पुढचं प्रकरण समीकरणांचं होतं, आणि समीकरणांत पावकीचा काही संबंध नाही, तेव्हा निदान तिथे सासूबाई येणार नाहीत असा माझा हिशेब होता. शिवाय समीकरणाच्या सुरुवातीला जे वाक्य म्हणतात ते मला फार आवडतं. 'समजा, अमुक बरोबर क्ष.' काहीच माहीत नसताना माणूस एवढ्या रुबाबात बोलू शकतो ही सोय दुसऱ्या विषयात नाही. आता पुस्तकांत क्ष जाऊन एक्स आला आहे. मी घरात क्ष चालू ठेवला.

उदाहरण असं होतं. वडिलांचं आजचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. वीस वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वयं काढा.

"समजा, मुलीचं वय क्ष," मी खाकरून म्हटलं. "म्हणजे बापाचं चार क्ष. वीस वर्षांनी बाप किती? चार क्ष अधिक वीस. हे डावीकडे लिही. आता उजवीकडे मुलीची दुप्पट. दोन क्ष अधिक वीस. लिहिलंस?"

तिने लिहिलं. ४क्ष + २० = २क्ष + २०.

"आता गंमत बघ. दोन्हीकडे वीस आहेत. उडव."

तिने उडवले. उडवाउडवीच्या बाबतीत माझा इतिहास तिला माहीत होता, पण हे वीस खरोखर उडण्यासारखे होते. उरलं ४क्ष = २क्ष. दोन क्ष इकडे आणले. २क्ष = ०. क्ष = ०.

वहीवर थोडा वेळ शांतता होती.

"बाबा, मुलगी शून्य वर्षांची आली."

"नवजात असेल," मी म्हटलं. "आज सकाळीच झाली असेल. बाप बिचारा हॉस्पिटलातच असेल."

"पण बापाचं वय चार क्ष आहे."

"बरं मग?"

"चार गुणिले शून्य."

मी मनातल्या मनात करून बघितलं. शून्यच येत होतं. बापही आज सकाळीच झाला होता.

"जुळे आहेत का?" धाकटीने अगदी सरळपणे विचारलं.

"पुस्तकात छपाईची चूक आहे," मी म्हटलं, आणि आधार हवा म्हणून कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. या वेळी खरा लावला. त्याने उदाहरण लक्षपूर्वक ऐकलं, माझी मांडणी ऐकली, समीकरण दोनदा म्हणून घेतलं, बराच विचार केला आणि विचारलं, "मुलगी दत्तक आहे का?"

लेखा विभाग हा असा आहे. आम्ही आकड्यावर संशय घेत नाही. आकडा जसा येईल तशी परिस्थिती जुळवून घेतो.

मुलीने मात्र पडताळा घेतला. "बाबा, वीस वर्षांनी हा बाप वीस वर्षांचा आणि मुलगी पण वीस वर्षांची. मग दुप्पट कुठे झालं?" मग तिने आमची ओळ बोटाने पुन्हा वाचली आणि बोट उजव्या बाजूला थांबलं. "अरे, मुलीची पण वीस वर्षं जाणार ना! आधी तिचं वय वाढव, मग त्याची दुप्पट कर. कंस घालायचा राहिला."

कंस! 'कंचेभागुबेव'मधलं पहिलं अक्षर. सबंध शालेय गणितातून मी जे एकमेव जपून ठेवलं होतं, त्यातलं पहिलंच अक्षर मी गाळलं होतं. तिने लिहिलं, ४क्ष + २० = २(क्ष + २०). उजवीकडे झाले २क्ष + ४०. दोन क्ष तिकडून इकडे, वीस इकडून तिकडे, २क्ष = २०, क्ष = १०. मुलगी दहा वर्षांची, बाप चाळीसचा. वीस वर्षांनी तीस आणि साठ. एका कंसाने त्या माणसाला चाळीस वर्षांचं आयुष्य मिळालं.

एवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण तिला आता चटक लागली होती. "बाबा, तू अठ्ठेचाळीस, मी बारा. म्हणजे आत्ता चौपटच." तिने भराभर मांडलं, या वेळी कंसासकट. "तुझं वय माझ्या दुप्पट व्हायला अजून चोवीस वर्षं. तेव्हा तू बहात्तरचा असशील." मी विषय बदलला.

गेलेली अब्रू परत मिळवायला मराठी माणसाकडे एक हमखास साधन असतं, ते म्हणजे इतिहास. मी भास्कराचार्य काढले. त्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिला, 'लीलावती' हा त्याचाच एक भाग, आणि चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख आहे, असं सगळं मी तिला सांगितलं. हे मला नीट येतं, कारण यात बेरीज नाही. मग लीलावतीतलं भुंग्यांचं उदाहरण सांगितलं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबाच्या फुलावर गेला. तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलाकडे गेले. एक भुंगा उरला, तो दोन वासांच्या मधे इकडून तिकडे फिरतो आहे. तर थव्यात भुंगे किती? कदंबाविषयी मी दोन शब्द जास्तच बोललो. कुड्याला पांढरी फुलं येतात हेही सांगून टाकलं.

"उत्तर काय?" तिने विचारलं.

या वेळी मी सावध होतो. पाचवा भाग निघायला हवा आणि तिसराही निघायला हवा, म्हणजे संख्येला पाचाने आणि तिनाने दोन्हींनी भाग जायला पाहिजे. सगळ्यात लहान अशी संख्या पंधरा. पंधराचा पाचवा भाग तीन, तिसरा भाग पाच, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा चौदा. आणि एक उरलेला. पंधरा!

मी उठून उभा राहिलो. सासूबाईही बघत होत्या.

"पायऱ्या कुठे आहेत?" धाकटी म्हणाली.

"उत्तर बरोबर आहे ना?"

"हे अंदाजाने काढलंस. अंदाजाला मार्क नसतात."

आणि इथे, या सबंध कहाणीत एकदाच, माझी बाजू भक्कम होती. भास्कराचार्यांनी या पद्धतीला चक्क नाव दिलेलं आहे, इष्टकर्म. सोयीची कुठलीही संख्या धरायची, उदाहरणात सांगितलेलं सगळं तिच्यावर करून बघायचं, आणि जे येईल त्याच्या प्रमाणात धरलेली संख्या वाढवायची किंवा कमी करायची. तीस भुंगे धरले असते तर शेवटी दोन उरले असते. उरायला हवा एक, म्हणून तिसाचे निम्मे पंधरा. त्याही आधी, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, इजिप्तमध्ये अहमेस नावाच्या लेखनिकाने पपायरसवर अशीच उदाहरणं उतरवून ठेवली. एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून एकोणीस होतात, तर राशी किती? तो आधी सात धरतो. सात आणि एक मिळून आठ येतात, हवेत एकोणीस, म्हणून त्या प्रमाणात साताला वाढवत नेतो आणि सोळा पूर्णांक पाच अष्टमांशावर पोचतो. लेखनिक म्हणजे आमच्याच संवर्गातला माणूस. अंदाज धरायचा आणि मग वरच्या आकड्याशी जुळवून आणायचं, ही आमची साडेतीन हजार वर्षांची परंपरा आहे, हे मी तिला ठणकावून सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग वहीत क्ष मांडला, छेद पंधरा केले, चौदा पंधरांश क्ष अधिक एक बरोबर क्ष, म्हणजे एक पंधरांश क्ष बरोबर एक, अशा चार ओळींत पंधरा काढले, आणि म्हणाली, "भास्कराचार्यांना चालेल रे. आमच्या बाईंना नाही चालणार."

त्यानंतर गणिताच्या वेळेला मला भाजी आणायला पाठवू लागले. मी तक्रार केली नाही.

घटक चाचणीचा पेपर परवा घरी आला, पालकांच्या सहीसाठी. सही करण्याचं काम अजून माझ्याकडेच आहे. वयाचं उदाहरण आलं होतं. आईचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट, पंधरा वर्षांनी दुप्पट. तिने कंस घातला होता, इतका ठळक की कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटला होता. मुलगा पंधरा वर्षांचा, आई पंचेचाळीसची. खाली पडताळा लिहिला होता. एक, १५ × ३ = ४५. दोन, ३० × २ = ६०. तीन, आई मुलापेक्षा मोठी आहे.

या तिसऱ्या मुद्द्यापुढे बाईंनी लाल शाईने आधी प्रश्नचिन्ह काढलं होतं, मग ते खोडून अर्धा गुण जादा दिला होता. एकूण वीसपैकी साडेसतरा.